लेपाची पिल्लं एकाच पुळणीवर, पोटात एकच खाणं: मग ती एकमेकांचा घास हिरावतात का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी आचऱ्याचा. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, आमच्या घराचा वाटा आहे, त्यामुळे पावसाळा सरला की आठवड्यातून दोन-तीनदा तरी किनाऱ्यावर असतोच. प्रश्न माझा नाही, मुलीचा आहे. ती नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतलाय: 'लेपाची पिल्लं काय खातात?'

रापण ओढून झाली, मोठी मासळी टोपल्यांत गेली की जाळ्याच्या तळाशी बोटाएवढे चपटे मासे उरतात. ते कुणी घेत नाही, कावळे आणि घारी नेतात. त्यातले तीसेक तिने डब्यात घालून घरी आणले आणि सुईने पोटं उघडून भिंगाखाली बघितली. मासे दोन जातींचे निघाले. एक आपला नेहमीचा लांबट लेप, जिभेसारखा, ज्याची शेपटी वेगळी दिसतच नाही. दुसरा गोलसर, शेपटी सुटी, तोंड मोठं. डोळे दोघांचेही डाव्या बाजूला.

लांबट लेपाच्या पोटात दोऱ्यासारखे किडे, वाळू आणि बारीक बारीक पाय सापडले. गोलसर माशाच्या पोटात पायच जास्त, एकात तर अख्खा जवळा होता. पण त्यांच्यातल्या चौघांच्या पोटातही तेच दोऱ्यासारखे किडे निघाले. म्हणून तिने वहीत निष्कर्ष लिहिला: 'या दोन माशांमध्ये अन्नासाठी स्पर्धा आहे.'

बाईंनी वही बघून विचारलं, "कशावरून? एका खानावळीत दोघं जेवतात म्हणून त्यांचं भांडण असतं का?" ती घरी आली ती हिरमुसूनच. मलाही उत्तर देता आलं नाही. कुणी या विषयातलं असेल तर सांगा. चपट्या माशांची पिल्लं एकाच जागी, एकच अन्न खात असतील तर ती एकमेकांच्या वाट्याचं खातात असं म्हणायचं की नाही?

वसईकर_कोळी

मला तरी तुमच्या लेकीचं म्हणणं बरोबर वाटतं. जागा एक, तळ एक, किडा एक. मग स्पर्धा नाही तर काय? आमच्याकडे ज्या वर्षी जवळा कमी पडतो त्या वर्षी बाकीची मासळीही हडकुळी लागते, हे माझ्या वडिलांपासून ऐकत आलोय. खाणाऱ्या तोंडांची संख्या वाढली की घास लहान होणारच.

त्या गोलसर माशाचा एक फोटो टाका. भाकसाचं पिल्लू असेल तर तोंडातले दात बघूनच कळेल.

मिरकरवाडा_ते_हेल्डर

खाडीकाठ दादा, आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. नववीत तीस पोटं उघडून बघायला चिकाटी लागते. मी मत्स्यशास्त्राचं शिक्षण रत्नागिरीत घेतलं आणि आता नेदरलँड्समध्ये डेन हेल्डरला राहते. इथे चपट्या माशांच्या पिल्लांवरच काम केलं, म्हणजे मीही आयुष्यातली बरीच वर्षं पोटं उघडण्यातच घालवली. त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. उत्तर लांबेल.

बाईंचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. दोघांच्या पोटात एकच अन्न सापडलं, यावरून एवढंच कळतं की दोघांचा आहार काही अंशी जुळतो. स्पर्धा म्हणायला आणखी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते: ते अन्न कमी पडतंय, आणि एकाने खाल्ल्यामुळे दुसऱ्याची वाढ खुंटतेय. उलट खूप वेळा असं दिसतं की अन्न मुबलक असतं तेव्हाच सगळे तेच एक खातात, आणि टंचाई आली की प्रत्येक जात आपापल्या खास खाण्याकडे वळते. म्हणजे आहार जुळणं हे कधी कधी सुबत्तेचंही लक्षण असतं. वसईकर दादा, तुमच्या वडिलांचं निरीक्षण खोटं नाही, पण त्यात 'जवळा कमी पडतो त्या वर्षी' ही अट आहे. ती अटच सगळ्यात महत्त्वाची.

आता इथलं सांगते. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून वाडन समुद्र आहे. उथळ, आणि ओहोटीला मैलोन्‌मैल उघडा पडणारा. आपल्या खाडीच्या मुखाशी सुकतीला जशी चिखलट पुळण उघडी पडते तशीच ही, पण नजर पोचेल तिथपर्यंत. डेन हेल्डरजवळ त्याचा बाल्गझांड नावाचा भाग आहे, साधारण पन्नास चौरस किलोमीटरचा. १९७० च्या दशकापासून तिथे दोन मीटर रुंदीचं छोटं जाळं ओढून चपट्या माशांची पिल्लं मोजली जातात. जगात या पिल्लांबद्दल जे काही नीट माहीत आहे त्यातला मोठा वाटा इथल्या चिखलातून आलाय.

इथे मुख्य जाती तीन. स्खोल, बॉट आणि टोंग. डच भाषेत टोंग म्हणजे जीभ! आपल्या लेपाच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'कुत्र्याची जीभ' असाच आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला होता. पण इथल्या टोंगचे दोन्ही डोळे उजव्या बाजूला असतात, आपल्या लेपाचे डाव्या.

स्खोल हिवाळ्यात उत्तर समुद्रात खोल पाण्यात अंडी घालतो. अंडी आणि डिंभ (अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू) प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याकडे येतात. डिंभ अजून सरळच असतो, दोन बाजूंना दोन डोळे असलेला. भरती आली की तो पाण्यात वर उठतो, ओहोटीला तळाशी बसतो, आणि असा एकेक भरतीने आत सरकत पुळणीपर्यंत पोचतो. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा होईपर्यंत त्याचा डावा डोळा डोक्यावरून उजवीकडे आलेला असतो. मग तो कायमचा आडवा होतो. बाल्गझांडवर ही गर्दी एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त असते, हजार चौरस मीटरला शेकडो पिल्लं. बॉटची पिल्लं थोडी मागाहून येतात आणि बरीचशी गोड्या पाण्याच्या वासाने नद्यांच्या तोंडाकडे निघून जातात. टोंगला उबदार पाणी लागतं, त्याची पिल्लं आणखी उशिरा, उन्हाळा लागता लागता उतरतात. म्हणजे पंगत एकच, पण बसायच्या वेळा वेगळ्या. एप्रिलचा स्खोल टोंग येईपर्यंत चांगला मोठा झालेला असतो, तोंडही मोठं, मग त्याचा घासही बदलतो.

दुसरा फरक दिवस-रात्रीचा. स्खोल डोळ्यांनी शिकार करतो, उजेडात. टोंगच्या डोक्याच्या खालच्या, आंधळ्या बाजूला बारीक मऊ लव असते. तो रात्री तळ चाचपत, वास घेत किडे शोधतो. एकाच चौरस मीटरवर दिवसा एक जेवतो आणि रात्री दुसरा. पण इथे घाई करून 'म्हणजे स्पर्धा नाही' असं म्हणू नका. किडा दिवसा खाल्ला गेला तर तो रात्री उरत नाही. वेळ वेगळी असली तरी ताट एकच असू शकतं. मात्र काही किडे दिवसा बिळाबाहेर येतात, काही रात्री. अशा वेळी ताटंही वेगळी होतात. म्हणून नुसता 'किडे' शब्द पुरत नाही. कोणता किडा, ते बघावं लागतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तुमच्या घरी तिसऱ्या आणल्या की रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवता ना, वाळू सोडायला? शिंपली किंचित उघडते आणि दोन पांढुरक्या नळ्या हळूच बाहेर येतात, भांड्याला धक्का लागला की झटकन आत. वाडन समुद्रात बाल्टिक तिसरी म्हणून एक छोटी शिंपली आहे. ती चिखलात काही सेंटिमीटर खाली राहते आणि एक लांब नळी वर काढून तळावरचं खाणं टिपते. स्खोलची आणि बॉटची पिल्लं त्या नळीचं फक्त टोक तोडून खातात. शिंपली मरत नाही. नळी पुन्हा वाढते. तसंच वाळूत बीळ करून राहणाऱ्या मोठ्या किड्याचं. तो विष्ठा टाकायला शेपटी वर आणतो, तेवढ्यात शेपटीचं टोक तोडलं जातं, आणि किडा जगतो. १९७० च्या दशकात एका डच शास्त्रज्ञाने या तुकड्यांचा हिशेब मांडला, तेव्हा कळलं की या पिल्लांच्या वर्षभराच्या आहारात अशा पुन्हा वाढणाऱ्या अवयवांचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडच्या लॉख यू या खाडीतही त्याआधी हेच दिसलं होतं, तिथे शिंपली दुसरी.

हे वाचून मी पहिल्यांदा विचारात पडले होते. आपण समजतो की मासा किडा खातो आणि किडा संपतो. इथे मासा गवत चरणाऱ्या गाईसारखा वागतोय. कुरण कापलं जातं आणि पुन्हा वाढतं. मग 'अन्न किती आहे' हे चिखल चाळून शिंपल्या मोजून कळतच नाही. शिंपल्या तेवढ्याच असतील, पण नळ्या आखूड झालेल्या असतील, किंवा शिंपल्या नळ्या वर काढतच नसतील. शिवाय नळी आखूड झाली की शिंपलीला श्वासासाठी आणि खाण्यासाठी वर सरकावं लागतं, आणि वर आली की पक्ष्यांच्या चोचीला सापडते. म्हणजे माशाच्या पिल्लाने घेतलेला इवलासा घास शेवटी पक्ष्याच्या पोटापर्यंत जातो.

मग स्पर्धा आहे की नाही? इथल्या लोकांनी एक चांगली युक्ती काढली. टाकीत पिल्लांना पोटभर खायला घालून वेगवेगळ्या तापमानाला ती किती वाढतात ते मोजलं. मग समुद्राच्या पाण्याचं रोजचं तापमान घेऊन हिशेब केला, की खाण्याची कमी नसेल तर बाहेरची पिल्लं किती वाढायला हवीत. वसंतात बाहेरची पिल्लं जवळजवळ तेवढीच वाढतात. म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी असते त्या दिवसांतही खाणं पुरतं. जून-जुलैपासून मात्र ती हिशेबाच्या मागे पडायला लागतात. कारणावर अजून वाद आहे. कुणी म्हणतं मोठी झालेली पिल्लं एकमेकांच्या वाट्याचं खातात. कुणी म्हणतं उन्हाळ्यात शिंपल्या आणि किडे कमी हालचाल करतात म्हणून हाती लागत नाहीत. मला स्वतःला दुसरं कारण जास्त पटतं, कारण पिल्लांची संख्या तोवर खूप घटलेली असते.

ती घटते कशाने, तर भुकेने नाही. इथली तपकिरी कोळंबी, जी पुढे स्खोलचं खाणं होते, तीच पुळणीवर नुकत्या उतरलेल्या पिल्लांना खाते. तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की पिल्लू तिच्या तावडीतून सुटतं. कडक हिवाळ्यानंतर कोळंबी उशिरा आणि कमी येते. १९६३ आणि १९९६ च्या गोठवणाऱ्या हिवाळ्यांनंतर स्खोलच्या पिल्लांचं अमाप पीक आलं. म्हणून पिल्लू भरभर वाढतंय का, हा प्रश्न फक्त पोटाचा नाही, जिवाचा आहे. स्पर्धेने वाढ जरा जरी मंदावली तरी ते कोळंबीच्या तोंडासमोर जास्त दिवस राहतं.

खाडीकाठ

ताई, तुमचं उत्तर मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिसऱ्यांच्या नळ्यांचं ऐकल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली, पण आज घरात तिसऱ्या नव्हत्या.

तिचे दोन प्रश्न आहेत. एक, आपल्याकडे तर पावसाळ्यात सगळं ढवळून निघतं, नदीचं गढूळ पाणी येतं, तेव्हा तळातल्या किड्यांचं काय होतं? दोन, तिच्याकडे टाकी नाही, रोजचं तापमान नाही. मग आहे त्या सामानात बाईंच्या 'कशावरून?' ला उत्तर देता येईल का?

आणि वसईकर दादा, गोलसर माशाचे दात बारीक आहेत, भाकसाएवढे नाहीत.

मिरकरवाडा_ते_हेल्डर

पहिल्या प्रश्नाने मला आनंद झाला. इथल्या आणि आपल्या समुद्रातला खरा फरक तोच आहे. इथे ऋतू ठरवतो तो थंडी, आपल्याकडे पावसाळा. मलबार किनाऱ्यावर १९५० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी उथळ तळाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तिथले तळातले जीव फार घटतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा भरतात. तिथला मलबारी लेप, ज्याला केरळात मांथल म्हणतात, तोही पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्याजवळ थव्याने सापडतो, आणि त्याचं मुख्य खाणं म्हणजे हेच दोऱ्यासारखे किडे. आचऱ्याला अगदी तसंच होतं असं मी म्हणणार नाही. पण मुलीने जे मासे उघडले ते याच दिवसांतले आहेत, ताटं नुकती वाढली जात असतानाचे. तेच तिने जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा बघितलं तर ती तुलना नुसत्या एका दिवसाच्या पोटांपेक्षा खूप मोलाची होईल.

दुसऱ्या प्रश्नासाठी माझा सल्ला असा. प्रत्येक माशाची लांबी मोजून लिहायची. पट्टी पुरते. लांबीशिवाय पोटातलं अन्न निम्मं बिनअर्थाचं, कारण तीन सेंटिमीटरचा आणि आठ सेंटिमीटरचा लेप हे खाण्याच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळे मासे असतात. कधी कधी एका जातीच्या लहान आणि मोठ्या पिल्लांत जेवढा फरक असतो तेवढा दोन जातींतही नसतो. मग खाण्याच्या सगळ्यात मोठ्या तुकड्याची रुंदी आणि माशाच्या तोंडाची रुंदी. गोलसर माशाच्या पोटात अख्खा जवळा होता ना, तो लेपाच्या तोंडात मावतो का, हे बघितलं तरी अर्धं उत्तर मिळेल. लेपाचं तोंड वाकडं आणि छोटं, खालच्या बाजूने उघडणारं, चिखलातलं वेचायला बनलेलं. मोठ्या तोंडाचा मासा पाण्यात हलणारं पकडतो. त्या चौघांच्या पोटातले किडे त्यांनी नाइलाजाने खाल्ले की आवडीने, हे ठरवायचं तर त्यांची लांबी लागेल. ते चौघे सगळ्यात लहान निघाले तर मला नवल वाटणार नाही.

पोट किती भरलंय तेही लिहायचं. रिकामं, अर्धं, गच्च, एवढे तीन शेरे पुरे. समजा दोन्ही जातींची पोटं गच्च आहेत आणि दोघांत तेच किडे आहेत, तर 'स्पर्धा आहे' म्हणायला आधार उरत नाही. पोटं अर्धी रिकामी आणि मासे हडकुळे असतील तर संशयाला जागा आहे, तरी पुरावा नाही.

एक सावधगिरी. रापण भरतीच्या कोणत्या वेळेला लावली आणि किती वाजता किनाऱ्याला लागली हे लिहून ठेवा. इथे भरतीबरोबर स्खोलची पिल्लं पुळणीवर चढतात, चरतात आणि पाण्याबरोबर उतरतात. वर जाताना पकडली तर पोट रिकामं, उतरताना पकडली तर भरलेलं. हे न लिहिता मोजलं तर आपण भूक मोजतोय की घड्याळ, तेच कळत नाही. मी पहिल्या हंगामात हीच चूक केली होती आणि त्या हंगामाची पोटांची निम्मी नोंद बाजूला ठेवावी लागली. अजून वाईट वाटतं, कारण मासे तर गेलेच होते.

वसईकर_कोळी

ताई, माझं पहिलं म्हणणं मागे घेतो. एक विचारायचं होतं. आमच्याकडे मोठ्या जाळ्यांत लेपाबरोबर बारकी कोळंबी, खेकडे, डोमे असं सगळंच येतं. ते पण तळाचेच खाणारे. मग लेपाची स्पर्धा लेपाशीच का धरायची?

मिरकरवाडा_ते_हेल्डर

दादा, हा प्रश्न मीच आधी मांडायला हवा होता. बाल्गझांडवरही पिल्लांच्या खाण्यातले वाटेकरी फक्त चपटे मासे नाहीत. कोळंबी, खेकडे, वाळूतले छोटे मासे, ओहोटीला उतरणारे पक्षी, सगळे त्याच चिखलावर जगतात. दोन चपटे मासे एकमेकांसारखे दिसतात म्हणून आपण त्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजतो. पण पोटाच्या दृष्टीने लेपाला खेकडा जवळचा असू शकतो. मुलीने त्याच जाळ्यातल्या कोळंबीची चार पोटं उघडली तर फारसं काही ओळखू येणार नाही, कोळंबी सगळं दळून टाकते. पण खेकडे आणि डोम्याची पिल्लं जाळ्यात किती आली तेवढं मोजून ठेवायला हरकत नाही.

खाडीकाठ

शनिवारी रापण आहे, सकाळची भरती धरून. मुलीने वहीत रकाने आखलेत: जात, लांबी, तोंड, पोट, वेळ. 'स्पर्धा आहे' ही ओळ खोडली नाही, तिच्यापुढे 'असं वाटलं होतं, तपासत आहे' असं लिहिलंय. बाईंनी त्यावर सही केली.

एकच अडचण. मासे घरी आणेपर्यंत दीड-दोन तास जातात. मागच्या वेळी काही पोटांत नुसता लगदा होता. शाळेतून स्पिरिट मिळेल. मासा तसाच बाटलीत टाकला तर चालेल का?

मिरकरवाडा_ते_हेल्डर

तसाच टाकू नका. मासा मेला तरी पोटातला रस काम करत राहतो आणि स्पिरिट आत पोचायला वेळ लागतो, तोवर मऊ किडे विरघळतात. राहतात ते फक्त कोळंबीचे पाय आणि कवचं, आणि वाटतं की मासा तेवढंच खात होता. तुमच्या गोलसर माशांत 'पाय जास्त' सापडले त्यात थोडा भाग याचाही असू शकेल.

किनाऱ्यावरच बर्फाची पेटी न्या. मासा हातात आला की पोटाला छोटी चीर द्या, मग स्पिरिटमध्ये. चीर तुम्ही द्या, मुलीला लांबी आणि वेळ लिहू दे. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. शाई स्पिरिटमध्ये उतरते.